चौथ्या थांब्याआधी

पांढरी गाडी. दारावरचं पालिकेचं चिन्ह अर्धं सोलून निघालेलं.
साडेनऊला मी ती पुलाखाली लावतो,
हँडब्रेक ओढतो, उतरून चाकाखाली दगड सरकवतो.
पोर्तोत नदी सोडली तर
काहीच सपाट नाही.

आत इव्होन खिडकी उघडते,
अंगठ्याएवढे पेले मांडते.
मेथाडोन. रंग फिक्या सरबताचा, चव विचारू नका.
ती कुणाला नाव विचारत नाही. नाव घेते.
यातला फरक मला कळतो,
सात वर्षं मी हजेरीला नंबर होतो.

आणि सुटल्यावर चौदा महिने ह्याच रांगेत,
ह्याच खिडकीसमोर, खिशात मुठी.
लायसन्स परत देताना समितीतल्या बाईंनी विचारलं,
आदेरितो, गाडी हातात आली की
पळून जावंसं नाही ना वाटणार?
म्हटलं, बाई, चौथ्या गिअरला ती खोकते.

झुल्मिरा आधी कुत्र्यासाठी पाणी मागते, मग स्वतःचं औषध.
एक जण रोज सुटात येतो.
आईला सांगून निघतो, ऑफिसला चाललो.
रुमालाने तोंड पुसतो, घड्याळ बघतो,
आणि खरंच घाईने जातो कुठेतरी.
फिर्मिनो पाथरवट होता.
वरच्या चर्चची तिसरी पायरी त्याने बसवलेली,
रात्री तो तिच्यावरच झोपतो.
पोलीस उठवतात तेव्हा सांगतो,
साहेब, जरा हळू, कोपरा नाजूक आहे.
चाकाखालचा दगडही त्यानेच घडवून दिला,
टायरच्या गोलाईला बसेल असा.
पैसे घेतले नाहीत. सिगारेट घेतली.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
बॅटरीने मान टाकली.
अकरा वाजून दहा. वर चौथ्या थांब्यावर
अठरा माणसं थंडीत उभी,
आणि साडेअकराला खिडकी बंद करायची असा नियम.
मी फोन लावला. फोनवर संगीत वाजत राहिलं.

कोण आधी पुढे आलं आठवत नाही.
बहुतेक झुल्मिरा, कुत्र्याचा दोर कमरेला बांधून.
मग सूटवाला, कोट काढून, घडी करून, इव्होनच्या हातात देऊन.
मग ज्यांना एरवी फुटपाथ वाट देतो
ते सगळेच.
कॅफेवाली मारिलिया, आमची रांग लागली की
अर्धं शटर ओढणारी,
तिने हात लावला नाही.
दारात उभी राहून ओरडत मात्र होती,
डावीकडे! अरे डावीकडे, खांब आहे!

वळणापर्यंत ढकलली. तिथून उतार.
मी क्लच सोडला, गाडीने गचका खाल्ला,
खोकली, आणि चालू झाली.
मागे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
दम लागला होता सगळ्यांना.
आरशात ते गुडघ्यांवर हात टेकून वाकलेले दिसले,
आणि त्यांच्यात फिर्मिनो नव्हता.

तो सोमवारीही नव्हता. बुधवारीही नाही.
तीन दिवस चुकले की सगळं पहिल्यापासून,
डॉक्टर, तपासणी, अर्धा डोस.
इव्होनने उरलेला पेला मोजून परत ओतला,
वहीत लिहिलं, सही केली,
पेन जरा जास्त दाबून.

ड्युटी संपल्यावर मी चर्चकडे चढलो.
तिसरी पायरी. पुठ्ठा नव्हता, घोंगडी नव्हती.
कुणीतरी पाणी मारून धुतली होती.
बसलो थोडा वेळ. गार होती.
कोपरा खरंच नाजूक आहे, चिरा गेलाय.

नवव्या दिवशी तो रांगेत होता. सगळ्यात मागे.
मनगटावर इस्पितळाचा पट्टा,
गालांत बोट बुडेल इतके खड्डे.
इव्होनने नाव घेतलं.
आवाज नेहमीसारखा ठेवायचा होता तिला,
जमलं नाही.
अर्धा पेला. त्याने तो पाहिला, प्यायला, काही बोलला नाही.
जाताना पुढच्या चाकापाशी थांबला,
गुडघे कुरकुरत वाकला,
दगड ओढून काढला, फिरवला, पुन्हा सारला.

उलटा लावलायस, म्हणाला.
नऊ दिवस?